तुमच्या सबस्क्रिप्शनचे पैसे नक्की कोणाला जातात?

मी महिनाभर एकाच कुठल्यातरी छोट्या बँडची गाणी ऐकली तरी माझे सगळे पैसे त्यांना जात नाहीत, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं. स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपवर सगळ्यांचे पैसे एकाच गल्ल्यात पडतात, कंपनी तिचा वाटा काढून घेते आणि उरलेले एकूण स्ट्रीम्सच्या प्रमाणात वाटले जातात, म्हणजे ज्याचं गाणं दिवसभर बॅकग्राउंडला वाजतं तो माझ्याही पैशातून मोठा हिस्सा नेतो, मी त्याला एकदाही ऐकलं नसलं तरी! आणि हे पैसे थेट कलाकाराच्या खिशात जात नाहीतच, आधी डिस्ट्रिब्युटर (गाणी अ‍ॅपपर्यंत पोहोचवणारी कंपनी) किंवा लेबल म्हणजे रेकॉर्ड कंपनी, मग करारात जे लिहिलं असेल ते.

वर २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केलाय, मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम्स झाले नसतील तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे पैसेच नाहीत. रक्कम किरकोळच असते हे मान्य, पण किरकोळ आहे म्हणून दुसऱ्याला देऊन टाकायची? हे मला अजिबात पटत नाही.

साउंडक्लाउड या दुसऱ्या म्युझिक अ‍ॅपने २०२१ मध्ये वेगळी पद्धत आणली, तुम्ही ज्याला ऐकता त्यालाच तुमचे पैसे, निदान काही कलाकारांपुरतं तरी. म्हणजे टेक्निकली अशक्य वगैरे काही नाहीये, मोठ्या लेबलांना परवडत असेल का हा भाग वेगळा.

मी अ‍ॅप सोडलेलं नाही, सोडणारही नाही बहुतेक. पण जो अल्बम परत परत ऐकला जातो तो बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या साइटवर विकत घेते, तिथे डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्केच कंपनी कापते.