प्रेशर किती आहे?

डिझेल परवडेना म्हणून दोन वर्षांपूर्वी सीएनजीचा छोटा टेम्पो घेतला. नारायणगाव पट्ट्यातला टोमॅटो रात्री भरायचा आणि उजाडायच्या आत पुण्याच्या मार्केट यार्डात उतरवायचा, हा माझा धंदा. गाडी चांगली आहे, किलोला वीस किलोमीटर देते. हाल झाले ते गॅससाठी.

आमच्याकडच्या पंपाला तेव्हा पाइपलाइन नव्हती. अशा पंपाला डॉटर स्टेशन म्हणतात. पाइपलाइनवरच्या मदर स्टेशनात ट्रकवरचे सिलिंडर भरायचे, तो ट्रक इकडे आणून लावायचा आणि त्यातून गाड्या भरायच्या. ट्रक घाटात अडकला की पंप बंद.

मे महिन्यातली ती रात्र विसरत नाही. पंचवीस क्रेट भरून नऊ वाजता लाइनीत लागलो. ट्रक आला दोनला. तोवर माल ज्यांचा होता त्या अण्णांचे तीन फोन. "पोरा, निघालास का?" काय सांगणार? माझा नंबर तीनला लागला. नोझल लावलं, दाबाचा काटा सरसर चढला आणि 120 बारवर थांबला (बार म्हणजे दाबाचं माप). भरणारा पोरगा म्हणाला, "दादा, आता एवढंच चढतंय."

टाकी भरते 200 बारला. पण ट्रकमधला दाब आणि गाडीतला दाब सारखा झाला की गॅस पुढे सरकत नाही. पहिल्या पाच-दहा गाड्यांना 200 मिळतं, मागच्यांना उरलेलं. दाब वाढवून द्यायला बूस्टर लागतो, तो तिथे नव्हता. माझ्या टाकीत एरवी दहा-अकरा किलो बसतो, त्या रात्री साडेसहा मिळाला. जाऊन-येऊन एकशे साठ किलोमीटर त्यात कसे व्हायचे? परतताना शेवटचा टप्पा गाडीतल्या पाच लिटरच्या पेट्रोल टाकीवर काढला.

यार्डात पोचलो तेव्हा उजाडलं होतं, चढ्या भावाचे सौदे होऊन गेले होते. अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

मग पद्धतच बदलली. माल उतरवला की पुण्यातच पाइपलाइनवरच्या पंपावर टाकी भरायची. त्यात घरी येणं आणि रात्री पुन्हा यार्ड गाठणं, दोन्ही भागतं. सकाळचा तास-दीड तास लाइनीत जातो, पण तेव्हा गाडी रिकामी असते. आता नोझल लावायच्या आधी मी भाव विचारत नाही, प्रेशर विचारतो.