झिराडचे काजी, अलिबागचे हजान

मांडवा जेट्टीवरून अलिबागला जाताना वाटेत झिराड लागतं. बसमधल्या कुणी मान वर करून पाहिलंही नाही. मी मात्र याच नावासाठी ही वाट धरली होती.

बेने इस्राएल म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा ज्यू समाज. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ती गोष्ट अशी. नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, त्यातून सात जोडपी वाचली आणि त्यांचा वंश अष्टागरात, म्हणजे अलिबागच्या आसपासच्या गावांत, वाढला. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा ज्यू इथे आला. हे आपलेच लोक असावेत असं त्याला वाटलं. खात्री करून घ्यायला त्याने बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेची मासळी ठेवली. त्यांनी खवलं आणि पर असलेली तेवढी रांधायला घेतली, बाकीची बाजूला सारली. ज्यू धर्मात तेवढीच मासळी चालते. राहाबी नेमका कधी आला यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण त्याने पुढे जे केलं त्यावर हा समाज टिकला. त्याने तीन तरुणांना धर्मविधी शिकवले. त्यांची घराणी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर. लोक त्यांना काजी म्हणत.

एरवी ज्यू समाजात हे काम रब्बीचं. तो धर्मशास्त्र शिकलेला असतो. लग्न, काडीमोड, खाण्यापिण्याचे नियम यांवर त्याचा शब्द चालतो. कोकणातल्या या समाजाला स्वतःचा रब्बीच नव्हता. काजी गावोगाव फिरायचे, सुंता करायचे, लग्नं लावायचे, तंटे मिटवायचे. हे सगळं बापाकडून मुलाकडे जायचं.

अलिबागला उतरून इस्राएल आळीत गेले. मागेन अबोथ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८४८ चं, आजची इमारत १९१० ची. दाराच्या चौकटीवर मेझुझा आहे, म्हणजे आत धर्मवचनं लिहून ठेवलेली छोटी डबी. देखभाल करणाऱ्या काकांनी तिला बोटं लावून ओठांना टेकवली आणि म्हणाले, "या, बसा आधी. उन्हातून आलात." मधोमध कठडा असलेला लाकडी चौथरा आहे, त्याला तेवा म्हणतात. हजान तिथे उभा राहून प्रार्थना चालवतो.

"वाचणं सोपं नाही, ताई," काका म्हणाले. सेफेर तोराची, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी हाताने चामड्यावर लिहिलेली असते आणि तिच्यात स्वरचिन्हं नसतात. आपल्याला काना-मात्रा-वेलांटी काढून टाकलेली पोथी वाचायला दिली तर कसं होईल, तसं ते. शिवाय चालही गुंडाळीत लिहिलेली नसते. शब्द आणि सूर दोन्ही आधी घोटून ठेवावे लागतात. लहान गावात पुन्हा हजानच कोंबडं-बकरं धर्माच्या नियमाप्रमाणे कापणार, मयताला तोच उभा राहणार. काका सांगत होते आणि मी त्या रिकाम्या बाकांकडे बघत होते. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. बरीच कुटुंबं इस्राएलला गेली, तेव्हा इथे दहा जमवणं हेही हजानाच्याच डोक्याला लागलेलं काम. सणाला मुंबई-ठाण्याहून माणसं येतात, मग आळी भरते.

हिब्रू शिकवायला मदत आली ती कोचीनहून. शेलोमो सालेम शुर्राबी १८३६ मध्ये मुंबईत आले ते साधे पुस्तकबांधणीचं काम करणारे म्हणून, आणि बेने इस्राएलांचे शिक्षक आणि हजान झाले. अशा माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

म्हणूनच पुढचा इतिहास टोचतो. इस्राएलमध्ये गेलेल्या या लोकांच्या लग्नांवर तिथल्या मुख्य रब्बींनी शंका घेतली. इतकी वर्षं रब्बीच्या निवाड्याविना लग्नं आणि काडीमोड झाले, मग वंश शुद्ध कसा मानायचा? १९६२ मध्ये चौकशीचे नियम निघाले. लोक जेरुसलेममध्ये धरण्याला बसले. १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ठराव केला, की बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत आणि त्यांचे हक्क इतरांइतकेच आहेत. हा ठराव मुळात लागायलाच नको होता. झिराडच्या काजींनी पायी फिरून जे सांभाळलं, त्यावर दुसऱ्या कुणाची मोहोर कशाला हवी?

निघताना काकांनी रेवदंड्याच्या बेथ एल सिनेगॉगचा रस्ता सांगितला. ते १८४२ चं, म्हणजे अलिबागच्याही आधीचं. तुम्ही जाणार असाल तर शनिवार टाळा, तो त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस. पुरुषांनी डोकं झाकायला रुमाल जवळ ठेवावा.