विसरलेली एक फाइल

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक गटाचं काट्याचं सॉफ्टवेअर मी २०१७ पासून सांभाळतो. गटाचं नाव इथे घेत नाही. मी भुसावळला राहतो. बागेत कापणी झाली की ट्रॅक्टर काट्यावर येतो, वजन होतं, त्या दिवसाचा भाव लागतो, पावती निघते, शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जातो आणि काही दिवसांनी पैसे थेट खात्यात पडतात. कोणाची मृगबाग (जून-जुलैची लागवड), कोणाची कांदेबाग (सप्टेंबर-ऑक्टोबरची), पिलबाग (जुन्या खोडाच्या पिलांवरची) किती खोडांची, सगळं त्या एका डेटाबेसमध्ये आहे. त्याच डेटाबेसमध्ये साडेसहाशे शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर आणि बँकेचे खाते क्रमांकही आहेत.

ऑगस्ट २०२३. अधिक श्रावण चालू होता आणि धोंड्याच्या जेवणाला मी अमळनेरला सासुरवाडीत गेलो होतो. अनारशांचं ताट समोर आलं आणि काट्यावरच्या ताईंचा फोन आला. "दादा, पावती निघायला लई वेळ लागतोय. बाहेर ट्रॅक्टरची लाइन लागलीय." लॅपटॉप सोबत होताच. ओट्यावर बसून सर्व्हरला जोडलं आणि लॉग, म्हणजे सर्व्हरकडे आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंदवही, उघडला.

ओळी भराभर सरकत होत्या. कुठलं तरी यंत्र आमच्या सर्व्हरला एकेक फाइल विचारत होतं: ॲडमिनर-४.२.५ डॉट पीएचपी आहे का, ॲडमिनर-४.६.२ डॉट पीएचपी आहे का, मायएसक्यूएल डॉट पीएचपी आहे का. प्रत्येकाला उत्तर ४०४, म्हणजे नाही. असल्या चौकश्या प्रत्येक सर्व्हरवर रोज होतात, त्यात नवल नव्हतं. पण मधेच एका ओळीला २००, म्हणजे आहे, असं उत्तर गेलेलं दिसलं. फाइलचं नाव साधं, ॲडमिनर डॉट पीएचपी. ती आमच्या सर्व्हरवर होती. मीच ठेवली होती.

ॲडमिनर म्हणजे डेटाबेस ब्राउझरमधून बघायचं साधन. याकुब व्राना या चेक प्रोग्रामरने ते बनवलं. त्याची खुबी अशी की सगळं एकाच पीएचपी फाइलमध्ये येतं (पीएचपी ही वेबसाइट बनवायची प्रोग्रामिंग भाषा). ती एक फाइल फोल्डरमध्ये टाकली की टेबल दिसतात, नोंदी सुधारता येतात. २०१७ मध्ये गटाच्या जुन्या वह्यांमधल्या नोंदी चढवताना रोज चुका निघायच्या, म्हणून मी ४.३.१ ही आवृत्ती टाकली. काम झालं आणि फाइल तिथेच राहिली. सहा वर्षं.

मग मी लॉगमध्ये त्या फाइलच्या नावाच्या सगळ्या ओळी वेगळ्या काढल्या. ॲडमिनरची एक गोष्ट इथे कामी आली. तुम्ही कुठल्या डेटाबेस सर्व्हरला जोडताय, ते त्याच्या पत्त्यातच लिहिलेलं असतं. आपल्याच मशीनवरचा डेटाबेस असेल तर पत्त्यात फक्त यूजरनेम येतं. दुसरीकडचा असेल तर आधी "सर्व्हर =" आणि त्यापुढे त्याचा इंटरनेटवरचा नंबर. लॉगिन फसलं तर उत्तर ४०३ जातं, जमलं तर २००.

अकरा दिवसांपूर्वी पहाटे तीन वाजून बारा मिनिटांची ओळ होती. सर्व्हर = आणि पुढे एक परका नंबर. उत्तर २००. त्याखालच्या ओळीत तोच नंबर आणि शेवटी "एसक्यूएल =", म्हणजे आत जाऊन कोणीतरी कमांड चालवायचं पान उघडलं होतं. त्यानंतर तो पाहुणा गेला.

बायको पाणी घेऊन आली. माझा चेहरा बघून माहेरच्या बोलीत म्हणाली, "काय व्हयनं?" मला लगेच बोलता आलं नाही.

त्या दोन ओळींचा अर्थ सांगतो, कारण पहिल्यांदा वाचणाऱ्याला तो उलटाच वाटतो. चोर आमच्या डेटाबेसमध्ये शिरला नव्हता. त्याने आमच्या ॲडमिनरला स्वतःच्या डेटाबेसशी जोडलं होतं. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये "लोड डेटा लोकल" नावाची सोय आहे. जोडलेल्या मशीनवरची फाइल सर्व्हरने मागायची आणि त्या मशीनने ती पाठवायची. मोठ्या याद्या पटकन चढवता याव्यात म्हणून ती केलेली आहे. पण समोरचा सर्व्हरच मुद्दाम फेरफार केलेला असला, तर तो वाचता येण्यासारखी कुठलीही फाइल मागू शकतो, असा इशारा मायएसक्यूएलच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेतच दिलेला आहे. इथे जोडलेलं मशीन म्हणजे आमचा वेब सर्व्हर. त्यावरची सगळ्यात मोलाची फाइल म्हणजे सेटिंगची, डेटाबेसचा पासवर्ड असलेली. ती हाती लागली की चोराने त्याच ॲडमिनरच्या त्याच पानावर परत यायचं आणि खऱ्या पासवर्डने आत शिरायचं.

हे भगदाड ४.६.२ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये होतं. जून २०१८ मध्ये आलेल्या ४.६.३ मध्ये ते बुजवलं गेलं. २०१९ च्या सुरुवातीला ऑनलाइन दुकानांतून ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरणाऱ्या टोळ्या नेमकी हीच युक्ती वापरत असल्याचं उघड झालं होतं. आणखी एक दोष, ॲडमिनरमार्फत सर्व्हरला भलत्याच ठिकाणी विनंत्या करायला लावायचा, ४.७.८ पर्यंत होता आणि २०२१ मध्ये ४.७.९ ने मिटला. माझ्या ४.३.१ मध्ये दोन्ही. बनवणाऱ्यांनी आपलं काम वेळेत केलं होतं. नवी फाइल बदलून टाकायला दोन मिनिटं लागली असती.

आता प्रश्न एकच होता: चोर परत आला का? आमच्या यूजरनेमने आमच्याच मशीनवरच्या डेटाबेसला जोडलेली एकही ओळ लॉगमध्ये नव्हती. जरा जीव आला, पण लॉगच चौदा दिवसांचा होता. उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमवर अपाचे या वेब सर्व्हरचे लॉग रोज बदलतात आणि चौदा ठेवून त्याआधीचे पुसले जातात, आणि मी ती मूळ सेटिंग कधी बदललीच नव्हती. ताईंचा फोन चार दिवस उशिरा आला असता तर पहाटेची ती ओळही गेली असती. त्या चौदा दिवसांआधी कोणी येऊन गेलं का, ते कळायला काहीच मार्ग नव्हता.

पहिलं काम, ती फाइल वेबच्या फोल्डरबाहेर हलवली. पुसली नाही, पुरावा म्हणून ठेवली. सगळे लॉग स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून घेतले. मग काटा बंद व्हायची वाट पाहिली, कारण डेटाबेसचा पासवर्ड बदलला की सेटिंगच्या फाइलमध्येही त्याच क्षणी बदलावा लागतो, नाहीतर पावती अडकते. रात्री साडेनऊला ताईंचा मेसेज आला, "दादा, शेवटचा ट्रॅक्टर गेला." तेव्हा पासवर्ड बदलला.

इथे बरेच जण थांबतात, मीही थांबलो असतो. पण सेटिंगची फाइल पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली, तर डेटाबेसच्या पासवर्डखाली एसएमएस सेवेची किल्ली होती आणि त्याखाली ईमेलचा पासवर्ड. फाइल गेली असेल तर तीनही गेले. एसएमएसच्या किल्लीची मला जास्त धास्ती वाटली. गटाच्या नावाने शेतकऱ्याला मेसेज पाठवता आला, तर चोराला डेटाबेसची गरजच काय? तीही रात्रीच बदलून घेतली.

पहाटेपर्यंत बाकीचं केलं. गेल्या महिनाभरात बदललेल्या सगळ्या फाइल तारखेनुसार काढल्या, क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, नवं काही आहे का पाहिलं, सॉफ्टवेअरच्या वापरकर्त्यांची यादी ताईंकडच्या कागदावरच्या यादीशी ताडली, शेतकऱ्यांचे खाते क्रमांक जुन्या बॅकअपशी जुळवले. कोणी एखाद्याचा खाते क्रमांक गुपचूप बदलला असेल ही भीती सगळ्यात मोठी होती, कारण पुढचं पेमेंट तीन दिवसांवर होतं. नऊ क्रमांक वेगळे निघाले. सकाळी ताईंनी नऊही शेतकऱ्यांना फोन लावले. सगळ्यांनी स्वतःच बँक बदलली होती. सर्ट-इन ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था. तिच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे असा प्रकार कळल्यापासून सहा तासांत तिला कळवावा लागतो, तो ईमेल मी अमळनेरहूनच केला होता. त्याच आदेशात लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय, हे मला तो वाचताना समजलं.

सकाळी काट्यावर गेलो. गटाचे अध्यक्ष, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, वजनाच्या खोलीत बसले होते. सगळं सांगितलं.

"कोणाचे पैसे गेले का?"

"नाही अप्पा."

"मग लोकांना कशाला घाबरवायचं?"

मी म्हटलं, "अप्पा, वखारीची किल्ली सहा वर्षं चौकटीवर पडून होती. कोणीतरी हात लावल्याची खूण आहे. आत गेला का, माहीत नाही. उद्या एखाद्याला फोन येईल, तुमच्या केळीचे पैसे अडकलेत, ओटीपी सांगा म्हणून. फोन करणाऱ्याला त्याचं नाव, खातं, मागच्या कापणीचं वजनसुद्धा माहीत असेल. मग तो ओटीपी देणार नाही का?"

अप्पा बराच वेळ बाहेरच्या ट्रॅक्टरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आजच सांग. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर काट्यावर कोणी माल आणणार नाही."

मेसेज मी लिहिला, अप्पांनी दोनदा वाचला आणि "तांत्रिक कारणाने" हे शब्द खोडायला लावले. "काय झालं ते लिही," म्हणाले. काय झालं ते लिहिलं. त्या दिवशी ताईंच्या फोनला उसंत नव्हती.

पुढच्या आठवड्यात सर्व्हरच बदलला. जुना उबुंटू १६.०४ वर होता, पीएचपी ७.०. त्या पीएचपीत फाइल देण्याची ही सोय मुळातच चालू असायची, ७.२.१६ आणि ७.३.३ पासून ती बंद करून देतात. नव्या सर्व्हरवरून बाहेर जाणारे रस्ते बंद केले, लागतात तेवढेच उघडे ठेवले, म्हणजे परक्या डेटाबेसला जोडायचं म्हटलं तरी जमणार नाही. लॉग १८० दिवस ठेवतो आणि त्यांची प्रत दुसऱ्या मशीनवर जाते. ॲडमिनर आजही वापरतो, तेव्हा ४.८.१ घेतला, पण तो माझ्या लॅपटॉपवर असतो आणि एसएसएचच्या बोगद्यातून, म्हणजे कुलूपबंद जोडणीतून, डेटाबेसपर्यंत जातो. वेबच्या फोल्डरमध्ये आता असली एकही फाइल नाही. दर महिन्याच्या एक तारखेला त्या फोल्डरमधल्या फाइलची यादी काढतो आणि प्रत्येक नावासमोर ती तिथे का आहे ते लिहितो. एखाद्या नावासमोर लिहायला काही सुचलं नाही तर ती फाइल काढतो.

ऑक्टोबरात कांदेबागेच्या नोंदणीला सहा शेतकऱ्यांनी खाते क्रमांक कॉम्प्युटरमध्ये टाकू दिला नाही. मी त्यांना समजावायला गेलो नाही. तो रकाना रिकामा ठेवता येईल असा बदल सॉफ्टवेअरमध्ये केला. त्या सहा जणांचे चेक ताई हाताने लिहितात.