फटी बुजवल्या आणि ओल आली

इंग्लंडमधल्या लीड्समध्ये टेरेस हाउस घेतलंय, असं आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न, "गच्ची केवढी आहे?" गच्ची नाहीच. इथे टेरेस हाउस म्हणजे एकमेकांना खेटून उभी असलेली घरांची रांग, वर उतरतं छप्पर आणि त्याखाली वाकून शिरावं लागतं असा पोटमाळा. आमचं घर १९०० च्या आगेमागे बांधलेलं, नऊ इंची भरीव विटांच्या भिंतींचं. "तिकडे थंडीत घरं कशी गरम ठेवता?" असं बरेच जण विचारतात. आम्ही पहिल्या वर्षी ती कशी ठेवली, ते ऐकाल तर हसाल.

२०२२ ची थंडी. गॅस आणि विजेचे दर त्या वर्षी असे भडकले होते की लोक मीटरचे आकडे वहीत टिपून ठेवत. आम्हीही कंबर कसली. वाऱ्याच्या दिवशी एक उदबत्ती पेटवली आणि ती घेऊन घरभर हिंडले. धूर सरळ वर जातोय तोवर ठीक. आडवा पळाला की तिथे फट. स्कर्टिंगखाली (भिंतीच्या पायथ्याची लाकडी पट्टी), खिडकीच्या चौकटीला, दारातल्या पत्रपेटीच्या झडपेला, जुन्या फायरप्लेसच्या धुराड्यापाशी. सगळीकडे पट्ट्या, ब्रश, सीलंट. (ही उदबत्तीची युक्ती मात्र खरंच करून बघा, फुकटात घराची तपासणी होते.) त्याच उत्साहात खिडक्यांच्या वरच्या बारीक झडपांना चिकटपट्टी लावली आणि बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत ज्या भोकांच्या विटा होत्या, त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. बिल उतरलं. आम्ही स्वतःची पाठ थोपटून घेतली.

जानेवारीत वरच्या खोलीतलं कपाट उघडलं तर ओल्या गोणपाटासारखा वास. कपाट पुढे ओढलं. मागच्या भिंतीवर कोणी मूठभर मोहरी फेकून मारावी तसे काळे ठिपके, खालच्या कोपऱ्यात एकत्र येऊन सलग डाग झालेले. कपाटाची पाठ फुगली होती आणि चामड्याच्या बॅगेवर हिरवट भुकटी.

ओल काढणाऱ्या एका कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याने दोन सुयांचं यंत्र भिंतीत टोचलं, ते किंचाळलं, आणि त्याने निदान केलं: जमिनीतून चढणारी ओल. उपाय म्हणे भिंतीत रसायन टोचायचं आणि वर सिमेंटचा गिलावा. आकडा ऐकून आमचेच चेहरे ओले झाले. शेजारचे आजोबा आयुष्यभर गिलाव्याची कामं केलेले. त्यांना कोटेशन दाखवलं तर ते म्हणाले, "जमिनीतली ओल जिना चढून वरच्या मजल्यावर आली का?" ते यंत्र मुळात लाकडासाठी, गिलाव्यात क्षार असले तरी ओरडतं. मग त्यांचं लक्ष माझ्या वर्तमानपत्राच्या बोळ्यांकडे गेलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

त्या भोकांच्या विटांना इथे एअर ब्रिक म्हणतात. तळमजल्याची जमीन फळ्यांची, खाली तुळया आणि त्याखाली पोकळी. त्या पोकळीत वारा खेळता राहावा म्हणून त्या विटा. बुजवल्या की तुळया कुजतात. बोळे त्याच संध्याकाळी काढले.

वरच्या बुरशीचं कारण वेगळं होतं, आणि साधं. २० अंशांची हवा ६० टक्के दमट असेल, तर १२ अंशांच्या पृष्ठभागावर तिच्यातलं पाणी दवासारखं सुटतं. बुरशीला तर पाण्याचा थेंबही लागत नाही. पृष्ठभागाजवळची हवा ८० टक्के दमट असली तरी पुरतं. उत्तरेची भरीव भिंत गार, त्यात कपाट लावून आम्ही तिला खोलीची ऊबही लागू दिली नाही. आणि दमटपणा? धुण्याची एक खेप घरात वाळवली की साधारण दोन लिटर पाणी हवेत जातं. त्यावर स्वयंपाक, आंघोळी, माणसांचे श्वास. आधी हे सगळं फटींतून निघून जायचं. फटी बुजवल्या ते बरोबरच होतं, पण वाफेला दुसरी वाट ठेवायला हवी होती.

आता बाथरूममध्ये दमटपणा वाढला की आपोआप सुरू होणारा पंखा आहे. खिडक्यांच्या झडपा उघड्या. सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडतो. तेवढ्यात हवा बदलते, भिंती गार होत नाहीत. धुणं बाथरूममध्ये, दार लावून, पंखा चालू ठेवून. कपाट आतल्या भिंतीला हलवलं, तेही चार बोटं जागा सोडून. आणि एक हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला दमटपणा टक्क्यांत दाखवणारी डबी, घेतला, दहा पौंडांचा. घरात इतका पैसा ओतला, पण सगळ्यात जास्त शिकवलं या डबीनं. भात शिजताना आकडा ५२ वरून ६८ ला जाताना डोळ्यांनी दिसला की झाकण ठेवायला कोणी सांगावं लागत नाही.

यानंतर खर्चाचा क्रम लावला. आधी पोटमाळा. इथली शिफारस २७० मिलिमीटर जाड मिनरल वूलची, म्हणजे ऊब अडवणाऱ्या खनिज तंतूंच्या लोकरीची. आमच्याकडे जेमतेम १०० होतं, तेही उंदरांनी कुरतडलेलं. पोटमाळ्याच्या तळाच्या तुळयांमध्ये १०० आणि वर आडवं १७०, एका रविवारचं काम. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मास्क घाला, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल. छपराच्या कडेला वारा जायला फट सोडा, आणि सामान ठेवायला त्यावर फळ्या दाबू नका. दबलेलं वूल निम्मं कामाचं.

मग बॉयलर, म्हणजे खोल्यांतल्या रेडिएटरसाठी पाणी तापवणारं यंत्र, आणि त्याचं हे काम तर फुकट. इंग्लंडमध्ये २००५ पासून नवा गॅस बॉयलर सहसा कंडेन्सिंगच असतो, म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणारा. पण त्याचा फायदा रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांखाली असेल तरच मिळतो. आमचा ७५ वर लावून ठेवलेला. रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान ६० वर आणलं. खोल्या जरा सावकाश तापतात, एवढंच. मात्र गरम पाणी साठवायची टाकी असेल, तर तिचं पाणी ६० च्या खाली ठेवू नका, लिजिओनेला जंतूंचा धोका असतो. आणि थर्मोस्टॅट २५ वर फिरवल्याने घर लवकर तापत नाही, हे आमच्या घरात अजून सर्वांना पटलेलं नाही.

भिंतींचं काम राहिलंय. अशा नऊ इंची भिंतीचं यू-मूल्य (भिंतीतून किती उष्णता निसटते त्याचा आकडा, कमी तितका चांगला) २ च्या आसपास, इन्सुलेशन केलं तर ०.३ पर्यंत उतरतं. फरक मोठा, खर्चही मोठा. एका भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा काढून आजोबांच्या देखरेखीखाली चुन्याचा केला. जुन्या विटांना चुना मानवतो, कारण त्यातून ओल बाहेर पडू शकते. हीट पंपाला, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून घर तापवणाऱ्या विजेच्या यंत्राला, सरकारचे साडेसात हजार पौंड मिळतात. पण इथे वीज गॅसच्या जवळपास चौपट महाग, आणि पंप एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतो. गळक्या घरात तो बसवून आम्हाला बिलात काही सुटणार नाही. आधी भिंती, मग पंप.

मुलं शिकायला येणार आहेत, भाड्याचं घर कसं बघावं, असं मागच्या महिन्यात दोघांनी विचारलं. पत्ता टाकला की घराचं ऊर्जा प्रमाणपत्र सरकारी वेबसाइटवर फुकट दिसतं. 'ए' ते 'जी' अशी श्रेणी, आणि इंग्लंडमध्ये भाड्याच्या घराला सहसा किमान 'ई' लागते. पण प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं, म्हणजे ते नऊ वर्षांपूर्वीचंही असू शकतं. म्हणून बघायला गेलात की उत्तरेच्या खोलीतलं कपाट हाताने पुढे ओढा आणि मागे वास घ्या. ताजा रंग फक्त एकाच कोपऱ्यात लावलेला असेल, तर तिथे आधी. एजंट तोंड वाकडं करील, करू द्या.