नाशिक ते धुळे सायकलने, घरची गाडी सोबत

नाशिकहून धुळे साधारण १५५ किलोमीटर. रस्ता मुंबई-आग्रा हायवेचा, एकूण हिशोबात चढापेक्षा उतार जास्त, आणि वाटेत चहा-पाण्याची ददात नाही. पहिल्यांदाच दीडशे पार करायचे असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हा मार्ग चांगला. घरचे गाडी घेऊन सोबत येणार असतील तर आणखी सोपं, असं वाटतं खरं. पण ठरवाठरवी नसेल तर दिवसातला सगळ्यात मोठा खोळंबा हीच गाडी करते.

पहिली चूक म्हणजे सायकलच्या मागेमागे गाडी चालवणं. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली. त्या शर्यतीच्या फोटोंत सायकलमागे पिवळे दिवे लुकलुकवत येणारी गाडी दिसते, आणि आपल्यालाही तसंच करावंसं वाटतं. तिथे तो शर्यतीच्या नियमांचा भाग आहे, गाडीवर त्यासाठीचे दिवे आणि पाट्या असतात. आपल्या हायवेवर ताशी २२ने रांगणारी कार उभी आहे की चालतेय, हे मागच्या ट्रकवाल्याला कळेपर्यंत अंतर संपलेलं असतं. तेव्हा गाडीने पुढे जायचं, सुरक्षित जागी थांबायचं, सायकल येऊन गेली की पुन्हा पुढे. पुढेमागे बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करायची असेल तर ही सवय कामाला येते, कारण तिथे सपोर्ट गाडीने फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या तपासणीच्या ठिकाणीच भेटायचं असतं.

सायकलने पहाटे साडेपाचला निघावं. घरच्यांना तेव्हा उठवायचं कारण नाही. २२च्या सरासरीने पिंपळगाव बसवंत यायला सात वाजतात, गाडी साडेसहाला निघाली तरी गाठते. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे हा सगळा टप्पा अंधाराचा. पुढचा दिवा रस्ता दिसेल एवढा हवा, मागचा लाल दिवा दोन हवेत. पिंपळगावच्या अलीकडे-पलीकडे बाजार समितीकडे निघालेले ट्रॅक्टर लागतात. त्यांच्या ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं धरून चालू नका.

पुढचे थांबे चांदवड, उमराणे, मालेगावच्या पुढे एक, आणि मग धुळे. दुपार चढली की शेवटच्या टप्प्यात मध्ये एखादा वाढवायचा. नुसतं ‘चांदवडला भेटू’ म्हणून भागत नाही. सायकल उड्डाणपुलावरून निघून जाते आणि घरचे खाली सर्व्हिस रोडवर डबा उघडून बसलेले असतात. पूल उतरल्यावर डाव्या हाताचा पहिला पेट्रोल पंप, असं ठरवावं. गाडी पूर्ण रस्त्याबाहेर, आणि मुलं डाव्या दारानेच उतरतील.

थांबा सात मिनिटांचा. त्यासाठी बाटल्या चार ठेवायच्या, ७५० मिलिलिटरच्या: दोन सायकलवर, दोन गाडीत भरून तयार. आल्याबरोबर फक्त अदलाबदल. सकाळी तासाला अर्धा लिटर पुरतं, दहानंतर पाऊण लागतं. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. घामाने मीठ जात असताना नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं. घरचे उन्हाचा त्रास समजून आणखी पाणी पाजतात आणि प्रकरण बिघडतं.

खाणं तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं या बेताने. एक केळं आणि मूठभर बेदाणे म्हणजे तासाची सोय. मीठ लावलेले उकडलेले बटाटे दहानंतर फार चवदार लागतात, कारण तोवर गोडाचा कंटाळा आलेला असतो. तळलेलं काही नको. मिसळ नाशिकला परतल्यावर!

‘किती राहिलं?’ याचं उत्तर कायम पुढच्या थांब्यापर्यंतचं द्यायचं. साठाव्या किलोमीटरला ‘अजून ९५’ ऐकून कुणाचेही पाय जड होतात.

चांदवडनंतर राहुड घाटाचा उतार. चांदवडच्या थांब्यावरच ब्रेक दाबून बघा, घाटात गाडी थांबवू नका. ब्रेक सलग धरून न ठेवता थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. मागून येणाऱ्या जड वाहनाला आधी जाऊ द्या.

हायवेवरच्या पंक्चरचं नेहमीचं कारण म्हणजे फुटलेल्या ट्रकटायरमधल्या बारीक तारा. त्या कडेच्या कचऱ्यात पडलेल्या असतात, म्हणून अगदी कडेला चालवणारे जास्त अडकतात. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथे धागे अडकतील तिथे तार. ती चिमट्यानेच निघते. तार न काढता घातलेली नवी ट्यूब दोन किलोमीटरही टिकत नाही. हवा भरायला गाडीतला इलेक्ट्रिक पंप असला तरी तो सायकलच्या ट्यूबच्या बारीक प्रेस्टा वॉल्व्हवर बसत नाही, छोटा पितळी अॅडॉप्टर लागतो. २८ मिलिमीटर रुंदीच्या टायरला ७०-७५ किलोच्या माणसासाठी ७५ पीएसआयच्या आसपास हवा पुरे.

दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, हातपंप, मल्टीटूल, चिमटा आणि तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक मात्र सायकलवरच. गाडी पंधरा किलोमीटर पुढे असते आणि फोनला रेंज नसते, नेमकं तेव्हाच पंक्चर होतं. लिंक आपल्या चेनच्या स्पीडची, म्हणजे मागे जितकी चक्रं तितक्याचीच घ्या, दहाची अकराला चालत नाही. गाडीत जादा टायर आणि डीरेलर (मागचे गिअर बदलणारा भाग) फ्रेमला जोडणारा हँगर ठेवा. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा, वाटेतल्या दुकानात मिळायचा नाही.

धुळ्याहून परतताना सायकल डिकीत टाकायची तर आधी चेन मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर आणा, म्हणजे डीरेलर आत राहतो. चाकं काढून, डीरेलरची बाजू वर ठेवून आडवी ठेवा. डिस्क ब्रेक असतील तर पॅडच्या फटीत पुठ्ठ्याची घडी सरकवा. चाक नसताना मुलांनी ब्रेक दाबला की पॅड चिकटतात, आणि घरी पोचल्यावर चाक आत जात नाही.