प्रभुभोजनाचे प्याले

मागच्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, आमच्या चर्चच्या मंडळीत सलग आठवडाभर संध्याकाळच्या उपासना झाल्या. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीचा सभासद या नात्याने वक्त्यांना आणण्या-पोहोचवण्यापासून गायनवृंदाच्या सरावापर्यंतची बरीचशी जबाबदारी माझ्याकडे होती. शेवटच्या दिवशी आभार मानताना सर्वांची नावे घेतली गेली आणि माझे तेवढे राहून गेले. मी कोणाजवळ अवाक्षर काढले नाही; परंतु रात्री प्रार्थनेसाठी गुडघे टेकले तेव्हा ओठांवर प्रभूचे नाव आणि मनात ती आभारांची यादी होती. मी सेवा कोणासाठी केली होती, हे त्या रात्री मला स्पष्ट दिसले.

आपल्या प्रार्थनांमध्ये ‘मी अपात्र दास आहे’ हे वाक्य फार सहज येते. मात्र स्वतःला कमी लेखणे म्हणजे लीनता नव्हे, असे मला बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय पुन्हा वाचताना जाणवले. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे आणि आपण देवापासून आलो व देवाकडे जात आहोत, हे येशूला ठाऊक होते, असे योहान आधी सांगतो; भोजनावरून उठून, कमरेला रुमाल बांधून, शिष्यांचे पाय धुणे त्यानंतर येते. आपण कोण आहोत याची खात्री असल्यामुळेच त्याला खाली वाकता आले. त्या पायांमध्ये येशूला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय होते, आणि हे मला आजही पचवायला जड जाते. पेत्र हा शिष्य मात्र ‘माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीत’ म्हणतो. वरवर पाहता हा नम्रपणा वाटतो, पण प्रभूने आपल्यासाठी काय करावे हे ठरवण्याचा अधिकार त्यात पेत्राने स्वतःकडेच ठेवलेला असतो.

या संदर्भात मला पंडिता रमाबाई नेहमी आठवतात. 1878 मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, त्या रमाबाई पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार स्त्रियांबरोबर राहिल्या, हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर करत बसल्या. एप्रिल 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या याच कामात होत्या. शास्त्रार्थात पंडितांना थक्क करणारी वाणी त्यांनी अशा वाचकांसाठी वापरली, ज्यांच्याकडून कोणतीही पदवी मिळणार नव्हती. ख्रिस्तकेंद्रित जीवन म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठी मातीत मला तरी माहीत नाही.

लेंटनंतरच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याचा विधी, होता. उपासनेनंतर द्राक्षरसाचे छोटे काचेचे प्याले धुण्याचे काम आमच्याकडे अनेक वर्षे एक वयस्क मावशी करतात. त्यांचे गुडघे दुखत होते म्हणून मी मागच्या खोलीत गेलो. ते काम दिसते तितके सोपे नाही. प्याल्यात बोट जात नाही, तळाशी लाल थेंब चिकटून राहतो, आणि प्रत्येक प्याला पांढऱ्या फडक्याने कोरडा करून तबकाच्या त्याच्या भोकात बसवावा लागतो. बाहेर पाळकसाहेबांभोवती लोक जमले होते, त्यांचे हसणे ऐकू येत होते. आपण इथे आहोत हे कोणीतरी पाहावे, ही इच्छा पहिल्या वीस-पंचवीस प्याल्यांपर्यंत माझ्या मनातून हलली नाही. पुढे केव्हातरी ती मंदावली, कारण थेंब निघाला की नाही याकडेच लक्ष लागले.

मावशींनी तेवढ्यात चहा केला. “बसा भाऊ, उरलेले मी बघते,” त्या म्हणाल्या. ‘नको, तुम्ही बसा’ हे शब्द माझ्या ओठांवर आलेच होते, आणि पेत्र आठवला. मी खुर्चीवर बसलो. चहा पिऊन होईपर्यंत ओट्यावरचे शेवटचे बारा प्याले मावशींनी पुसून तबकात ठेवले होते.