डोंगरमाथ्यावर फ्लॅश किती प्रखर ठेवावा?

माथ्यावर पोहोचलो तेव्हा सूर्य मावळतीला आला होता. आकाश पाठीशी ठेवून सोबत्यांना उभे केले, तर चेहरे काळवंडत होते. आणि फ्लॅश कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडला, तर चेहरे पांढरेफटक पडत होते. अशा वेळी फ्लॅश एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे विजेच्या चिन्हाशेजारी अधिक-उणे दाखवणारी सोय, हाताशी असावी. ती उणे १ केली, म्हणजे एक स्टॉप खाली आणली, की फ्लॅशचा प्रकाश निम्मा होतो. एकतृतीयांश स्टॉपच्या टप्प्यांनी खाली येत मी उणे १.३ वर थांबलो. तिथे डोळ्यांत बारीक चमक उरली, हनुवटीखालचा काळोख निवळला आणि आकाशाचा केशरी रंगही टिकला. पूर्ण ऑटो मोडमध्ये ही सोय बहुधा बंद असते, त्यामुळे निघण्यापूर्वीच प्रोग्रॅम (पी) मोडमध्ये तिचा सराव करून ठेवावा.

मागचे आकाश अधिक गडद हवे असेल, तर मॅन्युअल मोडमध्ये शटर वेगवान करावे. मात्र अनेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० सेकंद ही फ्लॅशची नेहमीची मर्यादा असते. त्या मर्यादेच्या आत शटरचा वेग बदलल्याने चेहऱ्यावर पडणारा फ्लॅशचा प्रकाश बदलत नाही, आणि माझ्या मते हीच गोष्ट सर्वांत आधी शिकावी.

रात्री तंबूपुढे सर्वांचे छायाचित्र घेताना खरा प्रश्न अंतराचा होता. पुढचा माणूस दीड मीटरवर आणि मागचा तीन मीटरवर असेल, तर मागच्यावर एकचतुर्थांशच प्रकाश पडतो, आणि कॉम्पेन्सेशनच्या कोणत्याही आकड्याने ही तफावत भरून निघत नाही. त्यासाठी सर्वांना कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर, किंचित कमानीत बसवावे. गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा, मीटरच्या हिशेबाने १२ असलेला कॅमेऱ्याच्या अंगचा फ्लॅश आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ/४ (भिंगाच्या छिद्राचा आकडा) वर जेमतेम तीन मीटर पोहोचतो, आयएसओ ४०० वर सहा मीटर. तेव्हा प्रकाश अपुरा पडला, तर आधी आयएसओ वाढवावा.

पहाटे धुके होते. धुक्यात समोरचे थेंबच उजळतात, म्हणून फ्लॅश सरळ बंद ठेवावा. पांढऱ्या कपड्यांनी चौकट भरली असेल, तर कॅमेरा फसून प्रकाश कमी सोडतो. तिथे अधिक ०.७ पर्यंत जाण्यास हरकत नाही. पुष्कळ कॅमेरे बंद केल्यावरही हा आकडा लक्षात ठेवतात, त्यामुळे प्रत्येक ठिकाण सोडताना तो शून्यावर आणून ठेवावा.